बारा लोंब्या

कॉलम १४. नुकसानीचे कारण : कीड / रोग / अवर्षण / अतिवृष्टी / पक्षी. यापैकी एकावरच खूण करावी. दोहोंवर खूण आढळल्यास फॉर्म बाद समजण्यात येईल.

•

लाल फडक्यात गुंडाळलेला विळा. सागाच्या खांबाला बांधलेला. गाठ अशी की सोडायला दोन माणसं लागावीत.

•

पेठकडे जाणारी सकाळची गाडी श्रावण-भाद्रपद बंद. गाडी सिंहस्थाला गेली आहे.

•

"बरी शे ना तू?" देवळ्याहून सविताचा भाऊ किशोर फोनवर. "आणि तुझं भात? त्याला कांद्याइतका तरी वास येतो का?"

•

शेवटचा पाऊस. १९९४ : १९ ऑक्टोबर. १९९६ : ११ ऑक्टोबर. १९९९ : ४ ऑक्टोबर. २००१ : २६ सप्टेंबर. (पर्जन्यमापकाला शेळी बांधू नये.)

•

पिवळी शिट्टी, पिवळा बिल्ला. बिल्ल्यावर नाव छापलंय : सरिता आहेर. तिचं नाव सविता.

•

हे सगळं एकाच गोष्टीचं आहे, पण ते एकमेकांना कुठे चिकटतं हे कळायला सविता आहेरला दोन पावसाळे लागले. आणि कळलं तेव्हा लिहायला कॉलम नव्हता.

•

सविता विद्यापीठाच्या भात प्रकल्पात कनिष्ठ संशोधन सहायक होती. वय सत्तावीस. माहेर देवळ्याचं, घरात चार पिढ्या कांदा, त्यामुळे ती भातावर काम करते हे घरच्यांना एखाद्या आजारासारखं वाटायचं. बरं होईल, वेळ लागेल. तिचं ऑफिस म्हणजे पेठच्या वाटेवरचं उपकेंद्र : तीन खोल्या, पत्र्याचं छप्पर, पुढे ओटा, आणि सहादू नावाचा शिपाई, जो कुणालाही आधी 'साहेब नाहीत' असं सांगायचा आणि मग कोण साहेब ते विचारायचा.

प्रकल्प साधा होता. डोंगरात पाऊस कमी पडत नव्हता, तो लवकर उठून जात होता. पूर्वी दसऱ्यापर्यंत रेंगाळणारा पाऊस आता घटस्थापनेआधीच पाठ फिरवायचा, आणि पाड्यांवरचं गरवं भात, म्हणजे पाच महिन्यांनी पिकणारं, दाण्यात दूध भरायच्या वेळी तहानेने वाळून जायचं. विद्यापीठाने त्यावर शंभर दिवसांत पिकणारं एक हळवं वाण काढलं होतं. त्याला अजून नाव नव्हतं. क्रमांक सात. दोन वर्षं शेतकऱ्यांच्या खाचरांत ते चांगलं आलं, तर त्याला नाव मिळणार होतं, बियाणं वाढवलं जाणार होतं आणि घाटमाथ्यावरच्या दीडदोनशे पाड्यांना वाटलं जाणार होतं. नाही आलं, तर फाइल बंद.

सविताला ते नाव मिळवून द्यायचं होतं. बस. तिने आयुष्यात दुसरं काही इतकं हट्टाने मागितलं नव्हतं.

चाचणीसाठी तिने सावरदांड निवडला. बारा घरांचा पाडा, डोंगराच्या कुशीत, सगळी खाचरं एका उतारावर एकाखाली एक, मोजायला सोपी. तिथे वाल्मीक होता. चाळिशीचा, दहावीपर्यंत शिकलेला, १९९४ पासून रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून टपोऱ्या अक्षरात लिहिणारा. असा माणूस मिळाला की अर्धा प्रकल्प झाला, असं प्रकल्पप्रमुख डॉ. कापडणीस सर म्हणायचे. हळवं बी या पाड्यात पूर्वी का टिकलं नाही, हे सविताने विचारलं नाही. तिच्या फॉर्मात तो प्रश्न नव्हता.

•

जून २००२. सहादूच्या टोपीत बारा चिठ्ठ्या. सहा घरांना क्रमांक सात, सहा घरांनी आपलं गरवंच लावायचं, तुलनेसाठी. नवसाबाईला सात निघाला. कणसरी देवीचा मान ज्यांच्याकडे त्या रावजीबाबांना तुलना निघाली.

"म्हणजे मला काय मिळालं?" रावजीबाबांनी विचारलं.

"तुमचं तुम्ही लावायचं, बाबा. नेहमीसारखं."

"त्यासाठी चिठ्ठी काढली?"

सगळे हसले. त्या दिवसापासून पाड्यात दोन जाती झाल्या : नंबरवाले आणि बिननंबरी. बिननंबरी नंबरवाल्यांना वाटेत भेटले की कपाळाला हात लावून म्हणायचे, "रामराम, साहेब."

•

सप्टेंबर २००२. २८ तारीख. पाऊस एकवीसला गेलेला.

सविता वजनकाटा घेऊन वर चढली, तेव्हा उतारावर सहा तुकडे सोन्यासारखे पिवळे होते आणि सहा हिरवे. सव्वाशे किलोमीटर पलीकडून कुणी पाहिलं असतं तरी कळलं असतं. पाखरांना तर कळलंच होतं. नवसाबाईच्या खाचरावर ती ढगासारखी उतरत होती, उठत होती, पुन्हा उतरत होती. नवसाबाई बांधावर बसून डबा वाजवत होती.

"मावशी, कापायला का नाही घेतलं? चार दिवस झाले पिकून!"

"विळा बांधलाय."

"कुणी?"

"कुणी म्हणजे? दरसाली बांधत्यात तसा."

मग ते उलगडलं. भात निसवायला, म्हणजे लोंबी बाहेर यायला, लागलं की सावरदांडात एक विळा लाल फडक्यात गुंडाळून कणसरीच्या खांबाला बांधतात. कणसरी म्हणजे धान्याची आई. तो विळा सुटेपर्यंत पाड्यातल्या कुणीही भाताला विळा लावायचा नाही. आणि सुटतो कधी? प्रत्येक घराने आपल्या सगळ्यात मागं राहिलेल्या खाचरातली एक लोंबी आणायची, खांबापाशी ठेवायची. बारा घरं, बारा लोंब्या. सगळ्या पिवळ्या असतील तर गाठ सोडायची. एक जरी हिरवी निघाली, तरी पुन्हा आठ दिवसांनी बघायचं.

सविता धावतच रावजीबाबांकडे गेली. ते अंगणात दोरी वळत होते.

"बाबा, नवसामावशीचा दाणा झडतोय."

"दिसतंय की. डोळे म्हातारे झालेत, फुटले नाय."

"मग विळा सोडा ना."

"आण लोंब्या."

"सहा तयार आहेत."

"मी सहा म्हटलं? माझं हिरवं हाय. सोमाचं हिरवं हाय. खालच्या चार घरांचं हिरवं हाय. आम्ही आमच्या मनानं हिरवं ठेवलं नाय, मॅडम. तुमच्या कागदानं ठेवलंय."

"पण एका वर्षापुरतं..."

"ऐका. एकानं आधी कापलं की त्याची ढोरं मोकळी. ढोराला बांध कळत नाय, ती शेजाऱ्याचं उभं खात्यात. मग भांडणं. आणि एकाचंच आधी पिकलं की चार डोंगरांची पाखरं त्या एकावर. समद्यांचं एकदम पिकलं, तर पाखरू खाऊन खाऊन किती खाईल? त्याचं पोट केवढं?" बाबांनी चिमटीत पाखराचं पोट दाखवलं. "हे तुमच्या शाळेत नाय शिकवलं?"

शिकवलं होतं. दुसऱ्या वर्षाला, पक्ष्यांमुळे होणारे नुकसान आणि एकाच वेळी पक्वता, पाच गुणांचा प्रश्न. तिने तो सोडवला होता. पूर्ण गुण.

विळा ३० ऑक्टोबरला सुटला. तोवर क्रमांक सातचं अर्धं भात जमिनीवर आणि पाव पाखरांच्या पोटात होतं. गुंठ्याला नऊ किलो. बिननंबऱ्यांचं गरवं पाण्यावाचून वाळलेलं. गुंठ्याला अकरा.

नऊ आणि अकरा. कागदावर गरवं जिंकलं.

•

कॉलम १४, सविताच्या अक्षरात, पेन्सिलीने :

~~पक्षी~~
~~इतर~~ (इतर असा पर्यायच नाही)
पीक वेळेवर पक्व झाले. वेळेवर कापता आले नाही. विळा बांधलेला होता.

त्यावर लाल पेनाने, सरांच्या अक्षरात :

पक्षी.

•

डॉ. कापडणीस वाईट माणूस नव्हते, हीच सविताची अडचण होती. वाईट असते तर भांडून मोकळं होता आलं असतं. त्यांनी हयात भाताच्या खाचरांत घालवली होती, त्यांच्या पायाच्या नखांचा रंग अजून चिखलाचा होता. मार्च २००३ मध्ये ती मुख्यालयात त्यांच्या केबिनमध्ये उभी राहिली तेव्हा त्यांनी आधी तिला चहा सांगितला.

"सर, यंदा बाराही घरांना सात देऊ या."

"मग तुलना कशाशी?"

"गेल्या वर्षीच्या आकड्यांशी."

"पाऊस वेगळा, वर्ष वेगळं. आहेर, तू हे मला सांगतेस?" त्यांनी बशीत चहा ओतला. "तू देवळ्याची ना? तुझे वडील कुणी नवं बी दिलं तर सगळ्या रानात एकदम लावतील?"

"नाही लावणार."

"मग?"

"पण सर, माझ्या वडिलांना शेजाऱ्याचा कांदा पिकायची वाट बघावी लागत नाही. इथे सगळ्यांनी लावल्याशिवाय एकालाही वेळेवर कापता येत नाही. आपण निम्म्यांना देतो, म्हणून ते पडतं. वाण पडत नाहीये, सर. आपली मांडणी त्याला पाडतेय."

"पाडा बदल."

"त्या पट्ट्यात सगळीकडेच विळा बांधतात. मी अकरा पाडे फिरले."

सरांनी बशी खाली ठेवली. "आहेर, विळा हा काही व्हेरिएबल नाही."

"अख्खा पाडाच एक प्लॉट धरला तर? सावरदांड पूर्ण सातचा, पलीकडचा पाडा पूर्ण गरव्याचा. तुलना राहील आणि विळाही सुटेल."

सरांनी पेन्सिलीने कोऱ्या कागदावर दोन चौकोन काढले. मग म्हणाले, "कल्पना वाईट नाही." सविताने वही उघडली. "पण मांडणी मंजूर झालेली आहे. बदलायची तर समितीपुढे न्यावी लागेल. समिती डिसेंबरात बसते."

"भात जूनमध्ये पेरतात, सर."

"ते समितीला माहीत आहे."

•

हे तिने पाड्यात जाऊन सांगितलं. यंदाही सहा-सहा. बिननंबरी सोमा म्हणाला, "म्हणजे यंदा पण पाखरांची दिवाळी," आणि नवसाबाईने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

•

जुलै ते सप्टेंबर २००३. नाशकात सिंहस्थ.

वरून आदेश आला : सर्व कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी गर्दी नियंत्रणासाठी हजर राहावे. सविताला एका वाहनतळावर उभं केलं. पिवळा बिल्ला. पिवळी शिट्टी. आता भाताची आवणी झाली असेल, शिट्टी, ओ दादा गाडी मागे घ्या, फुटवे मोजायला हवेत, शिट्टी, नाही मावशी गोदाघाट इकडून नाही, भात पोटरीत आलं असेल आता, शिट्टी, अहो महाराज तिथे नका ना बसू, तिथे बस लागते, निसवण्याची तारीख कोण लिहिणार, शिट्टी, वाल्मीक लिहील, शिट्टी, वाल्मीक लिहीलच, शिट्टी शिट्टी शिट्टी.

तिने तीनदा रजा मागितली. दर वेळी बंदोबस्ताचे साहेब म्हणाले, "बाई, सिंहस्थ बारा वर्षांनी एकदा येतो. भात दर वर्षी येतं."

पाड्याकडे जाणारी गाडी बंद होती. वाल्मीकच्या नोंदी मात्र टपालाने येत राहिल्या. टपोरं अक्षर. क्रमांक सात, निसवण : २६ ऑगस्ट. स्थानिक गरवे, निसवण : २ ऑक्टोबर (अपेक्षित). तिला तो 'अपेक्षित' शब्द जरा खटकला होता. तेवढ्यात मागून ट्रकने हॉर्न दिला.

•

२५ सप्टेंबर २००३. पाऊस गेल्याला तीन दिवस. सुटका झाल्या झाल्या सविता एका भाजीच्या जीपमधून वर आली. शेवटचं वळण. जीप थांबायच्या आधीच तिने उडी टाकली.

सगळा उतार पिवळा होता.

वरपासून खालपर्यंत, बाराही घरांचा, एका उंचीचा, एका रंगाचा. हिरवा ठिपकासुद्धा नाही. पाखरं होती, पण इकडे थोडी, तिकडे थोडी, कुठे बसावं हे न सुचल्यासारखी.

ती रावजीबाबांच्या खाचरात उतरली. लोंबी हातात घेतली, दाणा नखाने सोलला. आखूड, टोकाला जांभळट. दोन वर्षं तिने हा दाणा भिंगाखाली पाहिला होता. तो तिला अंधारातही ओळखता आला असता.

"वाल्मीकभाऊ," ती म्हणाली. तो मागे येऊन उभा होता, चपला हातात धरून. "हे गरवं आहे?"

"कागदावर गरवं हाय, मॅडम."

"आणि इथे?"

"इथं सात हाय."

"सगळीकडे?"

"सगळीकडं. गेल्या साली नंबरवाल्यांना जेवढं मिळालं, त्यातला दाणा कुणी खाल्ला नाय. समदा बियाण्याला ठेवला. बारा घरांनी वाटून घेतला."

"आणि ह्या तारखा? निसवण दोन ऑक्टोबर?"

वाल्मीकने मान खाली घातली. "गेल्या सालच्या वहीतून उतरवल्या. तुम्हाला निम्मं गरवं दाखवायचं होतं ना. तुमचा कागद बिघडू नये म्हणून."

सविताला हसावं की ओरडावं ते कळेना. तिने ओरडून पाहिलं. "अहो, कागद बिघडू नये म्हणून तुम्ही कागदच..." वरून नवसाबाई हाका मारत होती : "ए पोरी, उन्हात काय उभी राह्यलीस? वर ये. परवा विळा सुटतोय. तुझा काटा आणलास का?"

•

काटा आणला होता. मुख्यालयातून दोन माणसंही आली होती, नियमाप्रमाणे. २७ तारखेला बारा लोंब्या खांबापाशी ठेवल्या गेल्या आणि रावजीबाबांनी त्या एकेक उचलून उजेडात धरल्या. बाराव्या लोंबीनंतर ते थांबले. म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा घटात सोडतोय." गाठ सोडायला खरंच दोन माणसं लागली.

कापणी झाली, झोडणी झाली, वजनं झाली. मुख्यालयातली माणसं फॉर्मावर लिहीत होती आणि त्यांना फॉर्मापलीकडचं काही दिसत नव्हतं; दिसायचं कारणही नव्हतं, त्यांनी हा उतार पहिल्यांदाच पाहिला होता.

क्रमांक सात : गुंठ्याला सत्तावीस किलो.
स्थानिक गरवे (तुलना) : गुंठ्याला सत्तावीस किलो.

पाड्यात आनंद असा होता की कुणाचं ऐकू येत नव्हतं. सोमा खळ्यावर नाचत होता. नवसाबाईने नव्या तांदळाचा भात पानावर वाढून सविताच्या हातात दिला. वाफ येत होती. कितीतरी वर्षांत इतकं पिकलं नव्हतं. वाण चांगलं होतं, तिने म्हटल्यापेक्षाही चांगलं, आणि ते सिद्ध झालं होतं, उतारभर, उघड्यावर, बारा घरांच्या कणग्यांत.

फक्त कागदावर सत्तावीस आणि सत्तावीसमध्ये शून्याचा फरक होता.

•

"स्थानिक वाणाच्या तुलनेत क्रमांक सातच्या उत्पादनात लक्षणीय फरक आढळून आला नाही." अहवालाचा मसुदा, पान ९.

•

नोव्हेंबर. केबिन. या वेळी चहा नाही.

सविताने सगळं सांगितलं. वाटून घेतलेलं बी, उतरवलेल्या तारखा, जांभळट टोकाचा दाणा. सरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी चष्मा काढून डोळे चोळले.

"उतार अख्खा पिवळा होता म्हणतेस?"

"हो सर."

"पाखरं?"

"होती. पण विखुरलेली."

"सत्तावीस किलो." त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर एक तरुण माणूस येऊन गेला. "त्या उतारावर सत्तावीस म्हणजे... आहेर, हे वाण मी एकोणीसशे एक्याण्णवला क्रॉस केलं होतं."

"म्हणूनच सांगितलं, सर."

"कशाला सांगितलंस?" ते अचानक चिडले. "आता मी काय करू? तू सांगितलंस ते लिहिलं, तर तुलनेचे प्लॉट खोटे. पहिलं वर्ष पाखरांनी खाल्लं, दुसरं वर्ष गावाने. दोन्ही वर्षं बाद. नाही लिहिलं, तर वाण गरव्यापेक्षा सरस नाही असा निष्कर्ष निघतो. वाण बाद. कुठलं बाद हवंय तुला?"

"तिसरं वर्ष द्या."

"प्रकल्प दोनच वर्षांचा होता."

"समिती डिसेंबरात बसते म्हणाला होतात."

"बसते. तिच्यापुढे काय ठेवू? गावकऱ्यांनी गुपचूप सगळीकडे लावलं, म्हणजे वाण चांगलं आहे, हे? ते विचारतील, आकडे कुठे आहेत. मी काय सांगू, कणगीत आहेत?"

"हो," सविता म्हणाली. "तिथेच आहेत."

सरांनी टेबलावरचा कागद पुढे सरकवला. कॉलम १४. नुकसानीचे कारण. सविताने पेन उचललं. नुकसान झालंच नव्हतं. तिने खरं लिहायचं ठरवलं, कारण दोन्ही बाद होणारच असतील तर निदान वाल्मीकच्या टपोऱ्या अक्षरातलं खोटं तरी विद्यापीठाच्या कपाटात राहायला नको. तिने मागच्या कोऱ्या बाजूवर दीड पान लिहिलं. सही केली. सरांनीही खाली सही केली, एक शब्द न खोडता. त्यांनी तेवढं केलं.

•

डिसेंबर २००३, समिती, विषय क्र. २३ : आकडेवारी अविश्वसनीय असल्याने चाचणी रद्द.

जानेवारी २००४, पत्र : उपकेंद्रात शिल्लक असलेले क्रमांक सातचे बियाणे धान्य म्हणून निकाली काढावे.

फेब्रुवारी २००४, आदेश : श्रीमती स. आहेर यांची बदली लासलगाव येथे, कांदा साठवणूक प्रकल्प.

किशोरचा फोन : "बघ, शेवटी आली ना वळणावर!" तिने फोन ठेवून दिला. नंतर पुन्हा लावला आणि सॉरी म्हटलं, कारण त्याची काय चूक.

•

जायच्या आधी ती सावरदांडला गेली. नवसाबाई अंगण सारवत होती. हात शेणाचे, त्यामुळे तिने कोपरानेच बसायची जागा दाखवली.

सविताने सांगितलं : सातला नाव मिळणार नाही. बियाणं वाढवणार नाहीत. दुसऱ्या पाड्यांना कुणी वाटणार नाही. पुढच्या वर्षी तिच्याऐवजी कुणी येईल असंही नाही.

"आमच्याकडं हाय की," नवसाबाई म्हणाली.

"तुमच्याकडे आहे. बारा घरांकडे. बाकीच्या पाड्यांचं काय, मावशी? त्यांचं गरवं वाळतंच आहे."

"लेकी दिल्यात की बाहेर. माझी एक तिकडं, सोमाची दोन खाली. बी लेकीसंगं जातं. तू कशाला जीव टाकतीस?"

"जाईल. आणि एका घरात लावलं जाईल. आणि पाखरं येतील." सविताचा आवाज चढला, तिला तो आवरता आला नाही. "तिकडे विळा बांधत नाहीत का?"

नवसाबाईचा हात थांबला. सारवणाचं अर्धवर्तुळ अर्धंच राहिलं.

"बांधत्यात."

"मग? अख्ख्या पाड्याला पुरेल एवढं बी तुमची लेक डोक्यावरून नेणार आहे? एका घरात हळवं टिकत नाही. म्हणून तर इथेही टिकलं नव्हतं. मला दोन वर्षं लागली हे कळायला. तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक व्हतं."

"तुम्ही मला एकदा सांगायचं होतं की सगळे लावणार आहोत. मी काहीतरी केलं असतं. मांडणी बदलून घेतली असती, पलीकडचा पाडा तुलनेला धरला असता, निदान खरं लिहून ठेवलं असतं पहिल्या दिवसापासून. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्यापासून लपवलं."

"लपवलं न्हाय, पोरी."

"मग काय केलं?"

नवसाबाई काहीतरी बोलणार होती. मग तिने सविताच्या तोंडाकडे पाहिलं, काय दिसलं कोण जाणे, आणि पुन्हा खाली वाकून शेणाच्या पाण्यात हात बुडवला. "तू जेवून जा," ती म्हणाली.

सविता जेवली नाही. जीप चुकेल म्हणाली आणि उतरली. उतारावर नांगरट व्हायची होती, धसकटं तशीच उभी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. रागावलेल्या माणसाला मागे बघायचं नसतं, आणि ती फार रागावली होती. कुणावर, ते वाटेत ठरवायचं होतं. पेठ आलं तरी ठरलं नव्हतं.

•

बुधवार, ४ जून २००३. रावजीबाबा आणि नवसाबाई उपकेंद्राच्या ओट्यावर सकाळी अकरापासून दुपारी तीनपर्यंत बसून होते. सातचं बी बाराही घरांनी लावायची परवानगी मागायला आले होते. साहेब नाहीत, असं सहादूने सांगितलं. सविता आतल्या खोलीत होती.